जुनी मासेमारीची होडी मुलीबरोबर दुरुस्त करायचीय, सुरुवात कुठून करू?

जुनीहोडी
नमस्कार मंडळी, ओळखीतून एक 5.5 मीटरची लाकडी होडी मिळालीय, आधी मासेमारीला होती, मग चार-पाच वर्षं उघड्यावर पडून. रंगाचे पापुद्रे सुटलेत, फळ्यांमधल्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. मुलगी 13 वर्षांची, तिने होडीचं नाव पण ठरवून टाकलंय. मी फर्निचरचं काम केलंय, होडीचं नाही. प्लॅन असा की आधी सगळा रंग घासून काढायचा, मग फटी एपॉक्सीने भरायच्या, मग नवा रंग. घासायचं काम सोपं म्हणून ते तिच्याकडे. बरोबर आहे का? आणि एवढ्या लांबणाऱ्या कामात मुलांचा उत्साह कसा टिकतो?

रंधा_पटाशी
थांबा, घासायला घेऊ नका!! जुन्या होड्यांच्या रंगात शिसं असायची शक्यता बरीच असते, कोरडं घासलं की त्याची धूळ श्वासातून आणि हातावरून पोटात जाते आणि मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. आधी टेस्ट किटने तपासा. शिसं निघालं तर ते काम तुमचं, रंग ओला ठेवून, पी100 फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) मास्क लावून, खाली ताडपत्री, कपडे वेगळे धुवायचे. मुलगी तेव्हा तिथे नकोच.

आता फटी. उजेड दिसतो म्हणजे होडी गेली असं नाही, लाकूड सुकून आकसलंय, पाण्यात गेलं की परत फुगतं. सुक्या फटीत कडक एपॉक्सी भरलंत तर फळीला फुगायला जागाच उरत नाही, मग ती खिळे ओढते नाहीतर बरगड्या (फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या) मोडते. म्हणून फटीत कापसाची दोरी ठोकून बसवतात आणि वरून नरम राहणारी पुट्टी.

पण सगळ्यात आधी कूज शोधा. लाकूड कुजवतं ते जास्त करून पावसाचं गोडं पाणी, खारं त्यामानाने कमी. नाळेपाशी (होडीचं पुढचं टोक), बरगड्यांची खालची टोकं, कण्यालगतची (तळाच्या मधल्या लांब लाकडाला लागून) पहिली फळी, मागच्या आडव्या फळीच्या कडा, इथे टोच्या घालून बघा, सहज आत गेला तर लाकूड गेलंय. एखाद-दोन स्क्रू पण काढून बघा, पितळी असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, गुलाबी दिसले की त्यांच्यात जीव नाही.

वल्ही_दोन
मी 11 वर्षांची असताना बाबांबरोबर अशीच होडी केली होती म्हणून लिहितेय. पहिली सुट्टी मला फक्त पॉलिश पेपर मिळाला आणि मी खरंच कंटाळले, बाबांना वाटायचं मला आवड नाही. मग त्यांनी बसायची मधली आडवी फळी पूर्ण माझ्यावर सोपवली, माप घेण्यापासून. मी ती 2 सेंटीमीटर तोकडी कापली. बाबांनी ती सांधून दिली नाही, नवं लाकूड दिलं आणि म्हणाले परत माप घे. त्या दिवसापासून मला उठवायला लागलं नाही कुणाला. कूज शोधायचं काम मुलीला द्या ना, टोच्या आणि खडू, सापडेल तिथे खूण, वहीत नकाशा. ते खरं काम आहे, तिला कळेल ते.

खारावारा
दोन गोष्टी राहिल्या. बरगड्या एका वेळी एकच बदला, सगळ्या काढल्या तर होडीचा आकार जातो. आणि जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.

जुनीहोडी
मनापासून आभार सगळ्यांचे. रंगात शिसं निघालं, ते मी बघतो. काल मुलीने टोच्या घेऊन 11 जागा शोधल्या, त्यातल्या दोन माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. कण्यालगतची फळी साधारण 40 सेंटीमीटर मऊ आहे. पूर्ण फळी बदलायची की तुकडा चालेल?

रंधा_पटाशी
बाकीची फळी टणक असेल तर तुकडा चालतो, पण सांधा तिरपा घ्या, जाडीच्या आठपट लांब, म्हणजे 18 मिलिमीटरच्या फळीला 144. आधी टाकाऊ लाकडावर दोन-तीन सांधे करून बघा, दोघांनीही. आणि तो नकाशा इथे टाका, बाकीच्या नऊ-दहा जागांचं पण बघू.