मदत हवी आहे: तालमीत नायटा पसरतोय, पोरांना मॅटवर परत कधी घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

गावच्या तालमीत मी लहान गटातल्या पोरांना कुस्ती शिकवतो. पावसाळा लागल्यापासून नायट्यानं पिच्छा पुरवलाय. आधी एकाच्या मानेवर उठला, मग त्याच्या जोडीदाराच्या दंडावर, आता निम्म्या तालमीत आहे. लाल, जरा वर आलेली कड, मधली कातडी साफ, आणि घाम आला की मरणाची खाज.

खरा घोळ ट्यूबचा आहे. पोरं मेडिकलवरून परस्पर ट्यूब आणतात, त्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल हे जोरकस स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते, पोरगं मॅटवर येतं. ट्यूब सोडली की दुप्पट जागेत उठतो, आणि मग कडही धड दिसत नाही. एकाच्या जांघेतली कातडी पातळ होऊन तांबडे पट्टे पडलेत. कोवळ्या पोराच्या अंगावर ते बघवत नाहीत.

त्यात एकाच्या कपाळावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका आलाय, ठणकतो. घरचे नागीण म्हणतात.

निवड चाचणी तोंडावर आहे. पोरांना किती दिवस बसवू? मॅटचं काय करू? हळद-ताक घातलेल्या मातीत नायटा होत नाही असं जुने वस्ताद सांगतात, त्यावर विसंबू का?

प्रतिसाद:

दादा, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. कपाळावर फोड आलेल्या मुलाला आजच डॉक्टरकडे न्या. डोळा लाल असेल किंवा फोड पापणीजवळ असतील तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे. घरचे नागीण म्हणत असले तरी मल्लांमध्ये असे फोड बऱ्याचदा हर्पिसचे असतात, म्हणजे ओठांवर तापाचे फोड ज्या विषाणूमुळे उठतात त्याचेच. १९८९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० जणांना ते झालं होतं. हर्पिसवरच्या गोळ्या किमान ५ दिवस पोटात जाऊन फोडांवर कोरडी खपली धरेपर्यंत, आणि ३ दिवसांत नवा फोड नाही असं दिसेपर्यंत त्याला कुणाशीही लढवू नका.

नायट्यासाठी तिकडच्या कॉलेज कुस्तीत किमान ७२ तास मलम लावल्यावर परत घेतात. आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनिए ही बुरशी इथे बोकाळली आहे, त्यात स्टेरॉइडनं बिघडवलेला नायटा. पोटातून गोळ्या लागतील, त्या कित्येक आठवडे चालतात. स्टेरॉइडची ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीला लाली-खाज वाढते. तेव्हाच पोरं पुन्हा तीच ट्यूब शोधतात, म्हणून हे त्यांना आधीच सांगून ठेवा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत दोर, जोर-बैठका, पळणं चालू ठेवा, फक्त जोड लावू नका.

मॅट सरावाआधी आणि नंतर जंतुनाशकानं पुसा, बाटलीवर दिलेला वेळ ती ओली राहू द्या. हळद-ताकावर विसंबू नका, माती अंगाला अंग लागणं थांबवत नाही. टॉवेल, लंगोट ज्याचा त्याचा, रोज धुतलेला आणि उन्हात वाळवलेला. घरात आणखी कुणाला खाज आहे का, हेही विचारा. भावंडांवर उपचार झाले नाहीत तर नायटा तिथून परत येईल.