सात महिन्यांच्या लेकीचा बाप्तिस्मा करावा की थांबावं?

कन्हानकाठ

सगळ्यांना जय ख्रिस्त. घरात दोन महिन्यांपासून एकच विषय चालू आहे, म्हणून इथे मांडतो.

माझा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी, तान्हेपणी झाला, नागपुरातल्या सदर भागातल्या चर्चमध्ये. मला त्यातलं काहीच आठवत नाही. दाखला आईच्या लोखंडी पेटीत आहे आणि पांढरं झबलंही तिने जपून ठेवलंय. पुढे कॉलेजात असताना एका विश्वासी मंडळीत जाऊ लागलो, वचन वाचू लागलो आणि चोविसाव्या वर्षी जानेवारीच्या थंडीत कन्हान नदीत बुडवून बाप्तिस्मा घेतला. दात वाजत होते. पाण्यातून वर आलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे मी केलं, माझ्या तोंडाने 'हो' म्हणून.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भांडली नाही, एवढंच म्हणाली, "म्हणजे चोवीस वर्षं तू कोण होतास?"

आता मला लेक झालीय. आईने तेच झबलं धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. माझं मत आहे की थांबावं. मंडळीसमोर तिला प्रभूला समर्पित करू, वचनात वाढवू, आणि बाप्तिस्मा ती मोठी होऊन स्वतः मागेल तेव्हा देऊ. तिच्या वतीने विश्वासाची कबुली देण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. बायको मधोमध अडकलीय. तुम्हाला काय वाटतं, खरं सांगा.

सदरकर

भाऊ, तुमच्या आईचा प्रश्न तुम्ही लिहिलात, पण उत्तर दिलं नाही. ते आधी द्या.

मी सत्तरीचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० च्या रविवारी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात मी वडिलांच्या शेजारी उभा होतो. त्या दिवशी सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, युनायटेड चर्च आणि ब्रिटिश मेथोडिस्ट हे बालकांना बाप्तिस्मा देणारे, तर बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स हे मोठेपणीच देणारे. युरोपात ज्या प्रश्नावर माणसं मारली गेली, त्यावर आपल्या नागपुरात दोन्ही बाजू एका ताटात जेवल्या. दोन्ही पद्धती मान्य झाल्या. म्हणून थांबायचं असेल तर थांबा, त्यात पाप नाही.

पण थांबण्याचं तुमचं कारण मला पटत नाही. बाप्तिस्मा ही माणसाने देवाला दिलेली कबुली आहे, असं तुम्ही धरून चाललात. आम्हाला शिकवलंय की तो आधी देवाने माणसाला दिलेला शब्द आहे. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, हे वचन तुम्हाला व तुमच्या मुलाबाळांना आहे. बायबलातल्या लुदिया नावाच्या बाईचा बाप्तिस्मा झाला तो घराण्यासकट, आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचाही तसाच. आठव्या दिवशी सुंता होणाऱ्या इस्राएली बाळाला तरी कुणी विचारलं होतं? प्रेषित पौल कलस्सैच्या मंडळीला पत्र लिहिताना सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी ठेवतो, ते उगाच नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत मोठ्यांचेच बाप्तिस्मे दिसतात, कारण ती पहिली पिढी होती. मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हाही पहिले आले ते मोठेच. खरा प्रश्न दुसऱ्या पिढीपासून सुरू होतो. विश्वासाच्या घरात जन्मलेलं लेकरू आत की बाहेर?

मेकोसाबाग

काका, आदर ठेवून लिहितो, पण तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला तुम्ही अर्धाच दिलात. त्याच अध्यायात आहे की पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी घरातल्या सर्वांना वचन सांगितलं, आणि देवावर विश्वास ठेवल्याचा आनंद त्या सगळ्या घराने केला. वचन ऐकून आनंद करणारं घर आहे ते. पाळण्यातलं बाळ त्यात कुठून आणलंत? नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याची एकही उघड घटना नाही. इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने मुलांच्या बाबतीत घाई करू नका असं लिहिलं. म्हणजे त्या काळी प्रथा होती हे खरं, पण तिच्यावर प्रश्नही होता.

आणि युरोपात मारली गेलेली माणसं कोण होती, हेही लिहायला हवं होतं. झुरिकमध्ये १५२५ साली काही जणांनी मोठेपणी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. जानेवारी १५२७ मध्ये त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला लिमाट नदीत बुडवून मारलं. मारणारे कॅथलिक नव्हते, सुधारणावादी म्हणजे प्रॉटेस्टंटच होते. कारण तिथे बाप्तिस्म्याची वही हीच गावाची वही होती. बाप्तिस्मा नाकारला की तुम्ही गावातून बाहेर.

मला राग आहे तो या वहीचा. जन्माने ख्रिस्ती, आडनावाने ख्रिस्ती, नाताळला आणि गुड फ्रायडेला ख्रिस्ती. माझ्या स्वतःच्या घरात अशी अर्धा डझन माणसं आहेत. त्यांना सुवार्ता सांगायला गेलं की म्हणतात, आमचं झालंय सगळं लहानपणीच. त्यांना तारणाची खोटी खात्री दिली ती आपणच, कन्हानकाठ भाऊ. तुम्ही थांबा.

सेमिनरी हिल्सची ताई

मी कॅथलिक आहे आणि परिचारिका आहे. बरीच वर्षं नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम केलंय. इथला वाद वाचून एक रात्र आठवली.

साडेसहा महिन्यांतच जन्मलेलं बाळ, वजन किलोपेक्षा कमी. डॉक्टरांनी आशा सोडली होती. बाप दाराशी आला आणि म्हणाला, सिस्टर, फादरना यायला तासभर लागेल, तुम्ही करा. आमच्यात अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाणी, ते शब्द आणि चर्चचा हेतू एवढं पुरतं. मी इंजेक्शनची सिरिंज घेतली, सुई काढली, कोमट निर्जंतुक पाण्याचे तीन थेंब त्या कपाळावर सोडले. कपाळ माझ्या अंगठ्याएवढं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. बापाने नाव सांगितलं, ते तेव्हाच ठेवलं होतं. पहाटे बाळ गेलं.

त्या बाळाने काय समजून घेतलं असतं? काहीच नाही. पण मी तरी काय समजून घेतलंय? मी रोज मिसाला, म्हणजे चर्चच्या उपासनेला जाते आणि रोज देवाकडून फुकट घेऊन येते. बाळाच्या हातात देवाला द्यायला काही नसतं, म्हणूनच त्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, मला सगळ्यात खरा वाटतो.

मेकोसाबाग

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण विचारतोच. ते तीन थेंब पडले नसते तर देवाने त्या लेकराला दूर लोटलं असतं?

सेमिनरी हिल्सची ताई

नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी तारणाची आशा धरायला आधार आहे, असं आमच्या चर्चच्या धर्मपंडितांच्या आयोगानेही २००७ मध्ये लिहिलंय. मी भीतीपोटी पाणी घातलं नाही, दादा. त्या बाळाला या जगात कुणाचं तरी म्हणून हाक मारायची होती, आणि वेळ तेवढाच होता.

कोर्टाच्या वाटेवर

सगळे शास्त्रावर बोलताय. मी वकिली करते, म्हणून कागदाचं सांगते. बाळाचा बाप्तिस्मा ही फक्त मंडळीतली गोष्ट राहत नाही.

नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा. पुदुच्चेरीची एक महिला, आई ख्रिस्ती. तिचं म्हणणं, मी हिंदू आहे, अनुसूचित जातीचा दाखला द्या. चौकशीत निघालं की ती तान्ही असताना तिचा बाप्तिस्मा झाला होता. ती नियमित चर्चला जाते हेही न्यायालयाने पाहिलं, नुसत्या बाप्तिस्म्यावर निकाल लावला नाही. पण तान्हेपणीची ती नोंद पुरावा म्हणून समोर आली आणि मागणी फेटाळली गेली. १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, आपल्याला अजून नाही.

हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे, पण तो वेगळा विषय. इथे एवढंच, की रजिस्टरमधली ती ओळ लेकरू स्वतः लिहीत नाही आणि तिचा परिणाम मात्र आयुष्यभर त्याच्या नावावर राहतो. आईवडिलांनी हे डोळे उघडे ठेवून करावं.

सदरकर

ताई, दाखल्याचं नुकसान होईल म्हणून लेकराला देवापासून लांब ठेवायचं का? आमच्या आजोबांनी नुकसान सोसूनच नाव लावलं.

कोर्टाच्या वाटेवर

लांब ठेवा असं मी म्हटलंच नाही, काका. आजोबांनी स्वतः सोसलं. नातीच्या वाट्याचं सोसणं मात्र दुसरं कुणी ठरवतंय, फरक तेवढाच आहे.

दक्षिण नागपूर

मी जन्माने ख्रिस्ती नाही. बौद्ध घरातला. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आमचे आजोबा होते. बाबासाहेबांसोबत स्वतःच्या तोंडाने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, हे ते मरेपर्यंत सांगायचे. मी तिशीत ख्रिस्ताकडे आलो. घरच्यांना फार लागलं, पण वडिलांनी शेवटी एक वाक्य म्हटलं, "तुझ्या आजोबांनी स्वतः निवडलं, तू स्वतः निवड."

म्हणून माझ्या मुलाच्या वेळी मी थांबलो. जे मला मिळालं ते त्याच्याकडून कसं काढून घेऊ?

पण सगळं लिहायचं तर हेही लिहितो. दीक्षेच्या त्या दिवशी माझे वडील चार वर्षांचे होते, आजोबांच्या खांद्यावर. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तरी 'मी दीक्षाभूमीवर होतो' हे त्यांनी आयुष्यभर अभिमानाने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. खांद्यावरचं मूलही तिथे होतंच. हे मला अजून सुटलेलं नाही.

सदरकर

भाऊ, तुमच्या वडिलांवरून पंडिता रमाबाई आठवल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या महाराष्ट्रात इतकी स्वतंत्र बुद्धीची बाई विरळा, तिथल्या सिस्टरांशीही शिकवणुकीवरून त्या वाद घालत राहिल्या. आणि त्याच दिवशी त्यांची लेक मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. ती तेव्हा अडीच वर्षांची. पुढे हीच मनोरमा रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या कामात आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

मेकोसाबाग

आणि त्याच रमाबाईंनी पुढे लिहिलं की मला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला. मोठेपणी, समजून बाप्तिस्मा घेऊनही असं! मग बाळाच्या डोक्यावरच्या पाण्याने काय होणार?

सेमिनरी हिल्सची ताई

दादा, हे तर तुमच्याच विरुद्ध जातंय. मोठेपणीची समजही अपुरी पडली, तर पुरेशी समज कितव्या वर्षी येते? संत ऑगस्टीनचा बाप्तिस्मा बत्तिसाव्या वर्षी झाला, आई मोनिका ख्रिस्ती असूनही लहानपणी पुढे ढकललेला. आणि तो ढकलायला नको होता, असं पुढे त्यानेच लिहिलं.

कन्हानकाठ

सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. आमच्या जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांनाही भेटलो. ते म्हणाले, थांबलात तर लेकीला समर्पणाची प्रार्थना देतो. पण आज पाणी घातलं आणि उद्या तिने तुमच्यासारखं पुन्हा मागितलं, तर आमच्याकडे ते सोपं नाही. दिलेला बाप्तिस्मा आम्ही नव्हताच असं म्हणत नाही, ते प्रकरण बिशपपर्यंत जातं.

माझं मत बदललं नाही. आम्ही थांबतोय. वकील ताईंच्या मुद्द्यामुळे नाही. लेकीने एक दिवस पाण्यातून वर येऊन श्वास घ्यावा आणि तो तिला आठवावा, एवढ्यासाठी.

पण सदरकर काका, तुम्ही मागितलेलं उत्तर काल रात्री दिलं. दक्षिण नागपूर भाऊंचं खांद्यावरच्या मुलाचं वाचलं, आणि आईशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, चोवीस वर्षं मी तुझ्या कडेवर होतो. तुझा विश्वास नसता तर मी कन्हानपर्यंत पोचलो नसतो. तुझ्या हातून झालं ते काहीच नव्हतं, असं मी लोकांना सांगत फिरलो. ते चुकलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग उठून पेटी उघडली आणि म्हणाली, "मोठी होईस्तोवर हे झबलं तिला पुरणार नाही. समर्पणाला घालू."

सदरकर

मला तुमचा निर्णय अजून पटत नाही. रविवार कोणता ते कळवा, मी येतो.