रूसेलची 'पद्मावती': स्टेजवर हत्ती हवाच का?

गच्चीवरचा_रेडिओ
परवा रात्री दिवे बंद करून, हेडफोन लावून अल्बेर रूसेलची 'पद्मावती' परत ऐकली आणि तेव्हापासून डोक्यात एकच चालूय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा दोन अंकी फ्रेंच ऑपेरा-बॅले (गाणं आणि नाच दोन्ही असलेलं संगीतनाट्य) आहे आणि गोष्ट चित्तोडच्या पद्मिनीची. रूसेल आधी नेव्हीत होता, १९०९ ला बायकोबरोबर भारतात आला, चित्तोडचे पडके वाडे-देवळं बघितली, आपलं वेरूळसुद्धा बघितलं (त्याच्या 'एव्होकासियों' या रचनेचा पहिला भाग वेरूळच्या लेण्यांवरचा). पॅरिस ऑपेराच्या झाक रूशेनी काम दिलं, पहिल्या महायुद्धाआधी बरंच लिहून झालं, मग हा गेला लढाईवर, वाद्यवृंदाचं लिखाण संपता संपता १९१८ उजाडलं आणि पडदा उघडला १ जून १९२३ ला.

माझं म्हणणं सरळ आहे. हे स्टेजवर करूच नये, नुसतं गायक-वादक उभे करून ऐकवावं. लंडनला १९६९ मध्ये कंडक्टर झां मार्तिनोंनी तसंच केलं, गायिका रिटा गॉर पद्मावती, लोकांच्या अजून लक्षात आहे ते. २००८ ला पॅरिसच्या शातले थिएटरात आपल्या संजय लीला भन्साळींनी केलं, तर त्यातलं लोकांना काय आठवतं? हत्ती.

पोटमाळा
नाही पटलं. अहो नावातच बॅले आहे! पहिल्या अंकात अलाउद्दीन तहाचं बोलायला येतो तेव्हा पद्मावतीचा नवरा, राजा रतनसेन त्याला योद्ध्यांचा नाच दाखवतो, मग दासींचा, ते काय तोंडी लावायला नाहीये, त्या नाचातूनच त्याची हाव कशी वाढत जाते ते कळतं आणि मग तो म्हणतो आता राणी दाखवा. नाच काढून टाकायचा म्हणजे गण-गौळण उडवून नुसता वग वाचून दाखवायचा. त्याला तमाशा म्हणाल का?

गच्चीवरचा_रेडिओ
वग चांगला असेल तर वाचूनही रंगतो की :) पद्मावती सज्जात येते आणि ओढणी बाजूला करते, तिथला कोरस ऐका. शब्दच नाहीत, नुसते आवाज. तिथे डोळ्यांना काही दाखवलं की कान बंद होतात.

सेनच्या_काठी
शातलेला मी होतो. तेव्हा पॅरिसला शिकत होतो, सगळ्यात वरची स्वस्तातली सीट, अर्धं स्टेज खांबाआड. खरा हत्ती आला तेव्हा शेजारच्या आजीबाई माझ्या दंडाला धरून पुढे वाकल्या आणि पुढची पाच मिनिटं कोण काय गायलं ते मला विचारू नका. म्हणजे रेडिओभाऊंचा मुद्दा अर्धा बरोबर. पण दुसरा अंक, तळघरातलं शिवमंदिर, तिथे स्टेज जवळजवळ अंधारात आणि बायका संथ चालत येतात, अंगावर काटा. हे हेडफोनवर नाही मिळत हो. तोच प्रयोग पुढे त्याच उन्हाळ्यात इटलीत स्पोलेतोच्या महोत्सवात गेला, म्हणजे बाहेरही चाललाच.

नागमतीची_मैत्रीण
तुम्ही हत्तीवर भांडताय, गोष्टीचं काय? जायसीच्या 'पद्मावत' काव्यात (१५४०) रतनसेन दुसऱ्या एका राजाशी लढताना मरतो. इथे ऑपेराची संहिता लिहिणाऱ्या लुई लालुआनं काय केलंय बघा, जखमी रतनसेन बायकोलाच म्हणतो की शहर वाचवायला तू अलाउद्दीनकडे जा, आणि ती त्याला सुरा मारते, म्हणजे आता दोघांनाही एकाच चितेवर जाता येईल. अलाउद्दीन दार फोडून आत येतो तर समोर फक्त धूर. मला विचाराल तर ही बाई जायसीच्या बाईपेक्षा भारी आहे, निदान काहीतरी करते तरी! पण शेवट चितेवरच, आणि त्याला इतकं सुंदर संगीत, तेच मला डाचतं. आणि जायसीची नागमती, रतनसेनची पहिली राणी, इथे बहुतेक नाकमती नावाची मुलगी झालीये जी अलाउद्दीनला पद्मावतीच्या रूपाचं वर्णन गाऊन दाखवते. सवतीच्या तोंडी कौतुक, वा रे लालुआ.

पोटमाळा
@नागमतीची_मैत्रीण सुरा मारण्याचं खरंच माहीत नव्हतं. हे इकडे केलं तर काय होईल? त्याच भन्साळींच्या सिनेमाचा सेट २०१७ ला कोल्हापूरजवळ मसाई पठारावर जाळला लोकांनी, आणि त्यात तर असलं काहीच नव्हतं. पॅरिसमध्ये नऊ वर्षं आधी राणीनं राजाला भोसकलं आणि इकडे कुणाला पत्ताही नाही.

गच्चीवरचा_रेडिओ
म्हणूनच म्हणतो, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राला स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, त्यांनी कॉन्सर्ट करावी. सेट नाही, तर जाळायला काही नाही.

सेनच्या_काठी
आणि तेवढा मोठा कोरस आणणार कुठून? हे काम मुळातच महागडं, घरच्या पॅरिसमध्येही म्हणूनच क्वचित लागतं. रेकॉर्डिंगचंच बघा, ऐंशीच्या दशकात कंडक्टर मिशेल प्लासोंनी तुलूजच्या ऑर्केस्ट्राबरोबर केलं त्यात पद्मावती मॅरिलिन हॉर्न, रतनसेन निकोलाय गेड्डा, अलाउद्दीन जोझे व्हॅन डॅम, आणि कोरस थेट स्पेनमधून सान सेबास्तियनहून आणला.

गच्चीवरचा_रेडिओ
तेच ऐकत होतो परवा. हॉर्नबाईंचा खालचा स्वर, अहाहा. बरं, नाच राहू दे, तेवढं ऐकतो पोटमाळांचं. हत्ती मात्र नको.

पोटमाळा
हत्ती मी मागितलाच नव्हता!