ग्रेडरची कटिंग एज मधोमधच जास्त झिजते, काय करावं?

मुरूम-खडीच्या रस्त्यावर ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) चालतो. एज, म्हणजे ब्लेडच्या (आडव्या पात्याच्या) खालच्या कडेला बोल्टने बसवलेली पोलादी पट्टी, मधे चंद्रकोरीसारखी खोल खाल्ली जाते, टोकं मात्र शाबूत. झिजलेल्या जागी वेल्डिंगने भर घातली तर चालेल का?

उत्तर १:
वेल्डिंग अजिबात नको, दादा. एज उष्णतेने कडक केलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या आचेने शेजारचा भाग मऊ पडतो किंवा तडकतो. मधली झीज वाढवणारी दोन कारणं आधी तपासा: ब्लेड फार मागे कललेलं असणं आणि वेग जास्त असणं. वेगात ब्लेड उड्या मारतं, एज तापते, रस्त्यावरही लाटा उठतात. ताशी ५-६ किलोमीटरवर काम करून बघा.

उत्तर २:
घट्ट बसलेला थर ब्लेडने खरवडू नका. आधी रिपरने (ग्रेडरच्या जमीन उकरणाऱ्या दातांनी) उकरा, पाणी मारा, मग ब्लेड लावा. बरीच झीज इथेच वाचते.

उत्तर ३:
दोन्हीकडे धार असेल तर एज वेळेत उलटा. झीज मोल्डबोर्डला (एज जिच्यावर बसते त्या ब्लेडच्या मुख्य पत्र्याला) भिडायला दोन बोटं उरली की थांबू नका. मोल्डबोर्ड खाल्ला गेला तर खर्च कितीतरी पट. ब्लेडच्या दोन्ही टोकांना लावलेले एंड बिट (बदलता येणारे तुकडे) तेही तेव्हाच बघा. एज बसवताना तिच्यामागची माती, गंज तारेच्या ब्रशने साफ करा. खडा अडकला तर एज नीट टेकत नाही आणि बोल्ट तुटतात. नट-बोल्ट नवेच घ्या, काही तास काम झाल्यावर पुन्हा आवळा.