मदत हवी आहे : कोलायटिसची सूज ओसरली, आता भाकरीकडे परत कसे वळावे?

नमस्कार. मला ४ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण होतात. औषधांबद्दल काही विचारायचे नाही. प्रश्न ताटाचा आहे.

फेब्रुवारीत आजार उफाळला आणि दिवसातून १०-१२ वेळा रक्तमिश्रित शौचास होऊ लागले, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी चोथा कमी असलेल्या आहारावर राहिले : मीठ घातलेली पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, कुस्करलेला बटाटा, साल-बिया काढलेला दुधी, पिकलेले केळे, उकडलेले अंडे. दुधाने पोट फुगत असे, ताजे ताक मात्र सोसले. आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारे मेसालामीन हे औषध चालूच आहे. स्टिरॉइड टप्प्याटप्प्याने कमी करत बंद झाले. आता रक्त जात नाही आणि मलाच्या तपासणीतला कॅल्प्रोटेक्टिनचा आकडाही (आतड्यात सूज किती आहे हे त्यावरून कळते) ९०० वरून ८५ वर आला आहे.

डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सगळे खायला लागा." पण हळूहळू म्हणजे नेमके कसे? मी मूळची सोलापूरची. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी हे आमचे जेवण, म्हणजे जे जे बंद होते तेच सारे. मागच्या महिन्यात धीर करून एकाच जेवणात अर्धी भाकरी, मेथीची भाजी आणि चिमूटभर चटणी खाल्ली. रात्री मुरडा आला. तो भाकरीमुळे, मेथीमुळे, तिखटामुळे की नुसत्या धास्तीने, हे कळायला मार्ग उरला नाही, आणि मी पुन्हा पेजेवर आले. घटलेले ७ किलो वजन भरून येत नाही. त्यात लोहाच्या गोळ्यांनी मल काळा होतो, त्यामुळे रोज सकाळी उगाच धसका बसतो.

या आजारातून गेलेल्यांनी कृपया सांगावे : एका वेळी एकच नवा पदार्थ ३ दिवस घेऊन वहीत नोंद ठेवायची, असा माझा विचार आहे, तो कुणी निभावला आहे का? भाकरीआधी ज्वारीची पातळ आंबील आणि उसळीआधी मटकीचे गाळलेले कढण असा क्रम पोटाला मानवला का? आणि सर्वांत महत्त्वाचे, साधा मुरडा कोणता आणि आजार पुन्हा उफाळण्याची सुरुवात कोणती, हे तुम्ही कशावरून ओळखता?

गोळ्या सोडून काढे घेण्याचा सल्ला घरच्याच मंडळींकडून भरपूर मिळाला आहे, तेवढा कृपया देऊ नये.