जुन्या बाजारातले बत्तीस फ्रेंच पत्ते: कॅट अपुरा आहे का?

वेंधळी

रविवारी जुन्या बाजारात सायकलचा पंप शोधत होते. पंप मिळाला नाही, पत्ते मिळाले. कुलपं, चष्म्याच्या काड्या, बंद पडलेली घड्याळं अशा एका पथारीवर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते. दोनशे म्हणाला, एकशे वीसला दिले, वर "ताई, कॅट पूर्ण नाहीये हां" हेही सांगितलं.

घरी येऊन मोजले तर छापील ३२ आणि एक कोरं पान. दुर्रीपासून छक्कीपर्यंत काहीच नाही, थेट सत्तीपासून सुरुवात. एक्क्यावर इंग्रजी ए नाही, १ आहे. राजावर आर, राणीवर डी, गुलामावर व्ही. चित्रांच्या कडेला नावं छापली आहेत: इस्पिक राजा डेव्हिड, बदाम गुलाम लाहिर, किलवर राणी आर्जीन. आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही टोकांना शिसपेन्सिलीने बारीक, तिरक्या अक्षरात फ्रेंचमध्ये काहीतरी लिहिलंय. वरचा मजकूर वेगळा, खालचा वेगळा. फोटो जोडते आहे.

आमच्या सोसायटीत एक बाई टॅरोच्या पत्त्यांवर भविष्य बघतात. त्यांचं म्हणणं, हे टॅरोचंच जुनं रूप, मूळ इजिप्तचं, पाच हजार वर्षांपूर्वीचं ज्ञान. अपुरा कॅट घरात ठेवणं बरं नाही, शुद्धीकरण करून देते, एकवीसशे रुपये. सासूबाई एवढंच विचारतायत की याच्यावर रमी होईल का.

कुणाला काही माहीत आहे का? खरंच पानं हरवली आहेत का? आणि यावर भविष्य बघायचे तर कसं?

पेठकर

बत्तीस आहेत ना? मग तीनशे चार खेळा, त्याला सत्ती ते एक्का अशी बत्तीसच लागतात. दोन सत्त्या बाजूला काढल्या की पाच-तीन-दोन. एकशे वीस रुपयांत दोन खेळ, अजून काय पाहिजे. रमी विसरा.

भविष्य म्हणाल तर गुरुवारी पाणी येणार नाही. हे मी फुकट सांगतो.

निवृत्त मास्तरीण

वेंधळी (हे नाव तू स्वतः घेतलंयस, माझा दोष नाही), अगं-तुगं केलं तर चालेल ना? जन्म फ्रेंच शिकवण्यात गेला, समोरच्या कुणालाही अहो म्हणायला जीभच वळत नाही.

कॅट पुरा आहे. एक पान हरवलेलं नाही. पेठकरांनी थट्टेत बरोबर सांगितलं. फ्रान्समध्ये पिके नावाचा दोघांचा खेळ शेकडो वर्षं घरोघर चालायचा. त्याला चार रंगांची आठ-आठ पानं लागतात, सत्तीपासून वर. त्यामुळे दुर्री ते छक्की या कॅटात कधी नव्हत्याच. आर म्हणजे रुआ, राजा. डी म्हणजे दाम, राणी. व्ही म्हणजे व्हाले, गुलाम.

आता ते कोरं तेहतिसावं पान. तुझ्या एकशे वीस रुपयांतले शंभर मी त्याचेच धरीन. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ-बातिस्त आलिएत नावाचा माणूस होता (१७३८–१७९१). पुढे लोकांनी त्याला न्हावी म्हणून हिणवलं, पण खरं तर तो बियाण्यांचा आणि छापील चित्रांचा व्यापारी. आडनावाची अक्षरं उलटी लिहून तो एत्तेला झाला, आणि १७७० साली पत्त्यांवर मन कसं रमवावं असं सांगणारं पुस्तक त्याने काढलं. मन रमवायचं म्हणजे भविष्य बघायचं. पानं पिकेचीच बत्तीस. त्यांत तेहतिसावं एक जास्तीचं, प्रश्न विचारायला आलेल्या माणसाचं, आणि त्या पानाला नाव दिलं कुणाचं? स्वतःचं, एत्तेला. सदाशिव पेठेत जन्मला असता तरी शोभला असता. तुझ्या कॅटाच्या मालकाने नाव-बीव काही न लिहिता कोरंच पान घेतलंय, काम तेच.

त्याच्या पद्धतीत पान सुलट पडलं तर एक अर्थ, उलट पडलं तर दुसरा. म्हणून दोन्ही टोकांना पेन्सिल. आताच्या चित्रांना वर-खाली दोन्हीकडे डोकं असतं, आणि चौकटीची दश्शी तर कशीही फिरव, सारखीच दिसते. खूण केल्याशिवाय उलट-सुलट कळणार कसं?

बघायचं कसं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी पाहिलं. तरुणपणी फ्रान्समधल्या लियाँच्या एका शाळेत सहायक म्हणून होते. घरमालकीण रविवारचं जेवण झालं की टेबलावरचं मेणकापड ओल्या फडक्याने पुसायची, ते पूर्ण वाळेपर्यंत थांबायची (पानांना डाग पडलेला तिला खपत नसे) आणि मग कॅट काढायची. पिसायची ती, काटायचं मी, आणि तेही डाव्या हातानेच. उजवा पुढे केला की चापट. मग पानं अर्धगोलात मांडायची, त्यात माझ्या नावाचं पान, म्हणजे माझी राणी, कुठे आली ते शोधायची आणि तिथून सात मोजायची. सातव्या पानावर बोट, दोन वाक्यं, पुन्हा तिथून सात. असं करत माझ्या राणीवर परत आली की दोन्ही टोकांचं एक-एक पान उचलून जोड्या लावायची आणि जोडीचा मिळून अर्थ सांगायची.

बदाम म्हणजे घर आणि प्रेम, किलवर म्हणजे पैसा, चौकट म्हणजे पत्रं, बातम्या, प्रवास, आणि इस्पिक म्हणजे डोक्याला ताप. बदामाची नव्वी आली की मनातली इच्छा पुरी होणार, तेव्हा ती स्वतःच टाळी वाजवायची. इस्पिकची नव्वी आली की काही न बोलता उठून कॉफी टाकायला जायची.

माझी राणी कुठली, यावरून मात्र आमचं वाजायचं. तिकडे केसांच्या रंगावरून पान ठरवतात, सोनेरी केसांना लाल पानं, काळ्या केसांना काळी. या हिशोबाने अख्खं पुणं किलवर-इस्पिकमध्ये जाईल, मेंदी लावणाऱ्या तेवढ्या चौकटीत.

आणि एक पाहिलेलं सांगते. पानं मांडायच्या आधी ती गप्पा मारायची. घरून पत्र आलं का, शाळेत तो गणिताचा मास्तर अजून त्रास देतो का, सुट्टीत कुठे जाणार. चौकटीचा एक्का निघाला की "पत्र येतंय" म्हणायची, आणि यायचंच. आई दर आठवड्याला एरोग्राम टाकत होती, येणार नाही तर काय!

काडेपेटी

मी मूळचा काडेपेट्यांचे छाप जमवणारा, पण पत्त्यांतही नाक खुपसतो. मास्तरीणबाईंनी सांगितलं त्यात थोडी भर.

हा कॅट एत्तेलाच्या काळातला नाही. कोपऱ्यांत अक्षरं-आकडे आणि दोन डोक्यांची चित्रं, ही एकोणिसाव्या शतकातली सोय. त्याच्या वेळी राजा-राणी पायापर्यंत पूर्ण उभे असायचे, त्यामुळे उलटं पान लगेच दिसायचं. तुम्ही किलवरचा एक्का नीट बघा. फ्रान्समध्ये पत्त्यांवर कर होता आणि त्याचा शिक्का किलवरच्या एक्क्यावर मारायचे. १९४५ मध्ये तो कर गेला. शिक्का असेल तर कॅट त्याआधीचा.

इजिप्तबद्दल. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झालेला पत्त्यांचा खेळ आहे, ७८ पानांचा, हुकूम मारून दस्त करायचा. इजिप्तचं पिल्लू सोडलं ते कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने, १७८१ साली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे ग्रंथ कुणी वाचलेला नाही, पण त्यात काय लिहिलंय ते यांना ठाऊक! एत्तेलाने ही हवा लगेच ओळखली. १७८५ मध्ये टॅरोवर लिहायला लागला आणि १७८९ मध्ये स्वतःचा टॅरोचा कॅटच बाजारात आणला. पण तुमचे पत्ते त्या वाटेवरचे नाहीतच, ते साधे पिकेचे.

याच घराण्यातली दुसरी गंमत म्हणजे लनॉर्माँचे पत्ते. मारी-आन लनॉर्माँ (१७७२–१८४३) ही पॅरिसची नामांकित भविष्यवाली, नेपोलियनच्या बायकोशी, जोसेफिनशी तिचं नाव जोडलं जातं. आज तिच्या नावाने ३६ पानांचा छोटा कॅट जगभर विकला जातो. तो तिचा नव्हेच. न्युरेंबर्गच्या हेश्टेल नावाच्या माणसाने १८०० च्या आसपास काढलेला फासे टाकून खेळायचा 'आशेचा खेळ' होता. सहा-सहाच्या सहा ओळींत पानं मांडायची आणि सोंगट्या पुढे न्यायच्या, आपल्या सापशिडीसारखं. बाई वारल्यावर प्रकाशकांनी त्यावर तिचं नाव चिकटवलं.

तर्कट

इतिहास छान आहे, पण मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही. एकवीसशे रुपये द्यायचे का? नाही.

ही गोष्ट पुण्यातच तपासून झाली आहे, पत्त्यांवर नाही तर पत्रिकांवर. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केलं. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या, प्रत्येकाला ४० दिल्या, यातली कुठली कुणाची ते सांगा म्हटलं. २७ ज्योतिष्यांची उत्तरं आली. सरासरी बरोबर ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर यापेक्षा बरं जमलं असतं.

आणि "अगदी माझंच सांगितलं हो" असं जे वाटतं त्याचंही उत्तर १९४८ सालीच मिळालंय. अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून कागद दिले आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. कागद सगळ्यांना एकच होता, मजकूर ज्योतिषाच्या स्वस्त पुस्तकातून उचललेला.

निवृत्त मास्तरीण

तर्कट, मी कुठे खरं म्हटलं? इंग्रजांच्या पुस्तकात पैसा चौकटीचा, फ्रेंचांच्या पुस्तकात किलवरचा. एकच चौकटीची दश्शी लंडनला श्रीमंत करते आणि लियाँला गाडीत बसवते. अर्थ पत्त्यात असते तर खाडी ओलांडताना बदलले नसते. पण म्हणून म्हातारीच्या मेणकापडावरची दुपार मी कचऱ्यात टाकू का? ती एक पैसा घेत नव्हती. भांडी मात्र मला विसळायला लावायची.

वेंधळी

एकवीसशे वाचले, सगळ्यांचे आभार. काडेपेटी, किलवरच्या एक्क्यावर निळसर गोल शिक्का आहे! मला तो घाण डाग वाटला होता, खोडरबर हातात घेतलाच होता, नवऱ्याने थांबवलं.

मास्तरीणबाई, इस्पिक राणी, किलवर अठ्ठी आणि बदाम सत्ती यांचे जवळून फोटो टाकलेत. सांगाल का काय लिहिलंय? सासूबाई रमी विसरून माझ्या शेजारी चष्मा लावून बसल्या आहेत.

काडेपेटी

खोडरबर लांब ठेवा! पेन्सिलीचा मजकूर छापापेक्षा मोलाचा आहे. रबरबँड लावू नका, पावसाळ्यात पानं बटरपेपरमध्ये गुंडाळून डब्यात सिलिकाची पुडी टाका. शिक्क्याचा फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, वाट बघतोय.

निवृत्त मास्तरीण

फोटो मोठे करून बघितले. अक्षर बाईचं असावं असा माझा अंदाज, वळण शाळेत घोटून घेतलेलं.

इस्पिक राणी, सुलट: विधवा. उलट: विधवा, पण दुसऱ्या लग्नाच्या विचारात. (सासूबाईंना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.)

किलवर अठ्ठी, सुलट: सावळी मुलगी, प्रामाणिक. उलट: हीच, पण उधार मागेल.

बदाम सत्तीवर आधी लिहिलेलं खोडून वर दुसरं लिहिलंय. नवं आहे ते 'लग्न'. खालचं पुसट आहे, पहिलं अक्षर पी वाटतं. उन्हात तिरकं धरून पुन्हा फोटो काढ, आणि कोऱ्या पानाचा दोन्ही बाजूंनी. त्याच्या कडेला मला काहीतरी तारखेसारखं दिसतंय.

पेठकर

म्हणजे तीनशे चारचं राहिलंच.