मदत हवी आहे : इंग्रजीतलं 'गेट' मुलांना कसं समजावायचं?

नमस्कार मंडळी, मी इंग्रजी शिकवते. 'गेट' या क्रियापदापाशी मुलं हमखास अडतात. 'आय गॉट अ लेटर' म्हणजे पत्र मिळालं, 'आय गॉट टायर्ड' म्हणजे दमले. पुढे नाम आलं की बहुधा मिळणं, विशेषण आलं की होणं, इथवर निभतं.

खरी पंचाईत पुढे. 'आय गॉट माय हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले. पण 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर' म्हणजे बोट दारात सापडलं. मुद्दाम कोणी काहीच करवून घेतलेलं नाही. वाक्यरचना मात्र तंतोतंत तीच! हा फरक निव्वळ संदर्भावर सोडायचा, की ओळखायची काही खूण आहे? आणि 'गेट ओव्हर' (सावरणं), 'गेट बाय' (कसंबसं भागवणं) वगैरे जोडशब्द सरळ पाठच करून घ्यावेत का? वर्गात कोणाला काही उपयोगी पडलं असेल तर जरूर सांगा.